हजारो कनेक्शनं, एक थ्रेड: जावात नॉन-ब्लॉकिंग वेब सर्व्हर हातानं कसा बांधायचा

गोव्यात रायबंदरच्या धक्क्यावर नदीपलीकडे चोडणला जाणारी माणसं फेरीबोटीची वाट पाहत असतात. दुचाकीवाले पुढं, चारचाकींची रांग मागं. समजा, या माणसांसाठी आपण एक साधं पान केलं. बोट आत्ता कुठल्या काठाला आहे, भरतेय की नदीत आहे, एवढंच ते सांगतं. माणूस पान उघडतो आणि तसंच उघडं ठेवतो. सर्व्हरकडे बराच वेळ सांगण्यासारखं काही नसतं. बोट हलली की मात्र ती बातमी सगळ्यांना एकदम द्यायची असते.

वेब सर्व्हरच्या दृष्टीनं हा भार वेगळ्या जातीचा आहे: कनेक्शनं भरपूर, काम जवळजवळ शून्य. बहुतेक कनेक्शनं बहुतेक वेळ गप्प असतात, आणि ज्यांच्याशी बोलायचं ते मोबाइल नदीच्या मधोमध कमकुवत नेटवर्कवर असतात. नॉन-ब्लॉकिंग सर्व्हर कसा चालतो हे शिकायला याहून चांगलं उदाहरण मला तरी सुचत नाही. म्हणून हा लेख याच उदाहरणावर बांधला आहे. पायरीपायरीनं सर्व्हर उभा करू, आणि जिथं खरी गोम आहे तिथं जास्त वेळ थांबू.

आधी ठरवा: याची गरज आहे का

एका कनेक्शनला एक थ्रेड (प्रोग्रामातली स्वतंत्रपणे चालणारी कामाची एक धार) ही जुनी पद्धत समजायला सोपी आहे. थ्रेड रीड करायला जातो आणि बाइट्स येईपर्यंत तिथंच अडकून राहतो, यालाच ब्लॉकिंग म्हणतात. टॉमकॅट या जावाच्या वेब सर्व्हरमध्ये काही बदललं नाही तर विनंत्या हाताळणाऱ्या थ्रेडची कमाल संख्या २०० असते. आपल्या पानासाठी साधा ब्लॉकिंग सर्व्हलेट (विनंतीला उत्तर देणारा जावा क्लास) लिहून त्यात कनेक्शन उघडं ठेवलं, तर पहिल्या २०० प्रवाशांनी सगळे थ्रेड अडवले आणि २०१व्याला पानच उघडेना, असं होईल. गंमत म्हणजे त्या वेळी मशीनचा सीपीयू जवळपास रिकामा असतो. संख्या वाढवून ५००० थ्रेड केले, तर ६४-बिट लिनक्सवर प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकसाठी साधारण १ एमबी पत्ताजागा राखली जाते. ती सगळी प्रत्यक्ष मेमरी खात नाही, पण थ्रेडची अदलाबदल आणि त्यांचा सांभाळ याचा खर्च होतोच.

ही अडचण नवी नाही. एका मशीनवर १०,००० कनेक्शनं कशी पेलायची, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये ठळकपणे मांडला होता. जावाला त्याचं उत्तर २००२ मध्ये जेडीके (जावाचा विकाससंच) १.४ सोबत मिळालं: चॅनेल (बाइट्स ये-जा करणारी वाट), बफर (बाइट्स ठेवायची जागा) आणि सिलेक्टर. कोणत्या सॉकेटवर (कनेक्शनच्या आपल्याकडच्या टोकावर) काही घडलं आहे हे कर्नलला ठाऊक असतंच. सिलेक्टर ते कर्नलला विचारतो आणि फक्त त्या सॉकेटांची यादी आपल्या हाती देतो. लिनक्सवर हे काम खाली कर्नलची ईपोल ही सोय करते, मॅकवर केक्यू.

तुमच्या साइटवर एकाच वेळी शंभर-दोनशे माणसं येत असतील आणि सगळा वेळ डेटाबेसमध्येच जात असेल, तर यात पडू नका. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या जेडीके २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड पक्के झाले. साधा ब्लॉकिंग कोड लिहायचा, थ्रेड थांबला की जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारी यंत्रणा) त्याला बाजूला ठेवते आणि सॉकेट तयार झालं की परत उभा करते. बऱ्याच कामांना आज हाच सरळ मार्ग आहे. पण त्याच्याही खाली हीच यंत्रणा चालते. ती एकदा स्वतःच्या हातानं बांधली की टॉमकॅट, जेटी किंवा नेटी या लायब्ररीवर बांधलेला कुठलाही सर्व्हर अडला तर तो कुठं अडला असेल हे आपोआप डोळ्यांसमोर येतं. माझ्या मते एवढ्यासाठी तरी हा अभ्यास प्रत्येक बॅकएंडवाल्यानं एकदा करावा.

तयारी

जेडीके २१ आणि एक लिनक्स मशीन पुरेसं आहे. फ्रेमवर्क काही नको.

कोड लिहिण्याआधी दोन मर्यादा बघून घ्या. प्रत्येक कनेक्शन म्हणजे एक फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलीला किंवा सॉकेटला कर्नलनं दिलेला क्रमांक. पुष्कळ लिनक्स मशीनवर त्याची सॉफ्ट मर्यादा १०२४ असते. हॉटस्पॉट जेव्हीएम सुरू होताना ती स्वतःहून हार्ड मर्यादेपर्यंत वाढवते, त्यामुळे टर्मिनलवर दिसणारा आकडा फसवा असू शकतो. चालू प्रोसेसची खरी मर्यादा प्रोक फोल्डरात त्या प्रोसेसच्या लिमिट्स नावाच्या फाइलीत दिसते. सिस्टमडीतून (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेतून) सर्व्हर चालवत असाल तर ती तिथल्या सर्व्हिस फाइलीत ठरवा.

दुसरी मर्यादा बॅकलॉगची, म्हणजे जोडून झालेली पण आपण अजून न स्वीकारलेली कनेक्शनं कर्नल किती धरून ठेवतो त्याची. जावात काही सांगितलं नाही तर ती ५० असते. ऑगस्टमध्ये शेजारच्या दिवाडी बेटावर बोंदेरां उत्सवाच्या दिवशी किंवा चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आदल्या संध्याकाळी, माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताचं) सामान घेऊन सगळे एकदम पलीकडे निघाले की ५० काही क्षणांत भरतील. बाइंड करताना १०२४ द्या. कर्नलची स्वतःची कमाल मर्यादा लिनक्स ५.४ पासून ४०९६ आहे, त्याआधी ती १२८ होती. जुनं मशीन असेल तर तीही वाढवावी लागेल.

पहिली पायरी: लूप

सर्व्हरसॉकेटचॅनेल उघडा, पोर्ट ८०८० ला बांधा, ते नॉन-ब्लॉकिंग करा आणि मगच सिलेक्टरकडे ओपी_ॲक्सेप्ट या आवडीसह (नवीन कनेक्शन आलं की कळव, या अर्थी) नोंदवा. नोंदणीची जी खूण परत मिळते तिला की म्हणतात. क्रम महत्त्वाचा आहे. ब्लॉकिंग चॅनेल नोंदवायला गेलात तर लगेच एक्सेप्शन येतं.

मग हे चक्र:

    सर्व्हर चालू आहे तोवर:
        सिलेक्टरला विचारा, जास्तीत जास्त १ सेकंद वाट बघा
        बाहेरच्या थ्रेडांनी रांगेत ठेवलेली कामं उरका
        तयार कीजपैकी प्रत्येकीसाठी:
            ती यादीतून काढून टाका
            वैध नसेल तर सोडून द्या
            नवीन कनेक्शन असेल तर स्वीकारा
            वाचण्यासारखं असेल तर वाचा
            लिहायला जागा असेल तर लिहा
            वाटेत एक्सेप्शन आलं तर फक्त हे कनेक्शन बंद करा
        घड्याळ बघून जुनी कनेक्शनं झाडा

"यादीतून काढून टाका" ही ओळ विसरली जाते. सिलेक्टर तयार कीज यादीत घालतो, पण स्वतःहून कधीच काढत नाही. की तशीच राहिली, तर पुढच्या फेरीत नवीन कनेक्शन नसतानाही आपण स्वीकारायला जातो. नॉन-ब्लॉकिंग ॲक्सेप्ट तेव्हा नल देतो आणि कोड तिथंच कोसळतो. जेडीके ११ पासून सिलेक्टला थेट एक लॅम्डा देता येतो, मग हे काढाकाढीचं काम आपल्याकडे राहत नाही. नवा कोड तसाच लिहा.

एक्सेप्शनची ओळ लूपच्या आत, प्रत्येक कीसाठी वेगळी हवी. ती लूपच्या बाहेर ठेवली, तर एका प्रवाशाच्या मोबाइलनं कनेक्शन मध्येच तोडलं की उरलेल्या सगळ्यांचा सर्व्हर बंद पडेल.

दुसरी पायरी: स्वीकारणं

इथं फार काही नाही. ॲक्सेप्ट नल देईपर्यंत पुन्हा पुन्हा स्वीकारा, प्रत्येक नवीन चॅनेल नॉन-ब्लॉकिंग करा, टीसीपी_नोडिले लावा म्हणजे छोटे संदेश रेंगाळणार नाहीत, आणि ओपी_रीडसह नोंदवा. नोंदवताना कीला आपला कनेक्शन ऑब्जेक्ट जोडून द्या. त्या कनेक्शनबद्दलचं सगळं त्यातच राहील: कुठवर वाचलं, काय लिहायचं बाकी आहे, शेवटची हालचाल कधी झाली.

एक काळजी मात्र घ्या. फाइल डिस्क्रिप्टर संपले की ॲक्सेप्ट एक्सेप्शन देतो, पण ते वाट बघणारं कनेक्शन कर्नलकडे तसंच राहतं. म्हणजे सिलेक्टर पुन्हा लगेच म्हणतो की स्वीकारायला कनेक्शन आहे, आणि लूप नुसता गरगरत राहतो. म्हणून स्वतःची कमाल संख्या ठरवा, डिस्क्रिप्टरच्या मर्यादेहून बरीच कमी. ती गाठली की ऐकणाऱ्या कीवरून ओपी_ॲक्सेप्टची आवड काढून टाका. एखादं कनेक्शन बंद झालं की परत लावा.

तिसरी पायरी: वाचणं

ब्लॉकिंग कोडमध्ये ओळ वाच म्हटलं की ओळ मिळते. इथं तसं नाही. टीसीपी बाइट्सचा प्रवाह देतो, विनंतीचा कप्पा देत नाही. एकच विनंती तीन तुकड्यांत येईल, किंवा दोन विनंत्या एकाच तुकड्यात येतील.

हे जवळून बघू. ८१९२ बाइट्सचा बफर आहे आणि मोबाइलकडून येणारं विनंतीचं शीर्ष (हेडर) ४१२ बाइट्सचं आहे. नेटवर्क मंद म्हणून पहिल्या वाचनात २९० बाइट्स आले. बफरची पोझिशन (पुढचं वाचणं-लिहिणं कुठून) आता २९०, लिमिट (कुठवर) ८१९२. फ्लिप केलं की पोझिशन ०, लिमिट २९०, म्हणजे आता वाचायला तयार. शीर्षाचा शेवट, म्हणजे रिकामी ओळ, यात सापडत नाही. मग कॉम्पॅक्ट करायचं: न वापरलेले २९० बाइट्स सुरुवातीला सरकतात, पोझिशन २९०, लिमिट परत ८१९२. आता लूपकडे परत जायचं. इथं वाट बघत थांबायचं नाही, दुसऱ्या कनेक्शनांची कामं होऊ द्यायची.

थोड्या वेळानं त्याच कनेक्शनवर १५० बाइट्स आले. एकूण ४४०. शीर्ष ४१२ वर संपतं, उरलेले २८ बाइट्स पुढच्या विनंतीची सुरुवात आहेत. शीर्ष वापरून झालं की परत कॉम्पॅक्ट, आणि ते २८ बाइट्स सुरुवातीला येऊन बसतात. इथं कॉम्पॅक्टच्या जागी क्लिअर लिहिलं तर ते २८ बाइट्स गेले, आणि पुढची विनंती मधूनच सुरू झाल्यासारखी दिसते. चाचणीत ही चूक सहसा सापडत नाही, कारण आपल्याच मशीनवर विनंती नेहमी एका तुकड्यात येते.

रिकाम्या ओळीची खूण चार बाइट्सची असते, आणि ती स्वतःच दोन तुकड्यांत विभागली जाऊ शकते. म्हणून दरवेळी शोध आधी जिथं थांबलो त्याच्या तीन बाइट्स मागून सुरू करा. बफर भरला तरी शेवट सापडला नाही तर ४३१ (शीर्ष फार मोठं) हे उत्तर देऊन कनेक्शन बंद करा. आणि रीडनं -१ दिलं म्हणजे समोरच्यानं आपली बाजू बंद केली आहे, आपणही बंद करायचं. हे राहून गेलं, तर नेटवर्कची अवस्था दाखवणाऱ्या एसएस कमांडमध्ये क्लोज-वेट अवस्थेतली कनेक्शनं साचत जातात. ती साचलेली दिसली की समजा, आपला कोड -१ कडे दुर्लक्ष करतोय.

मेमरीचा हिशेबही करा. ५००० कनेक्शनांना प्रत्येकी ८१९२ बाइट्सचा बफर म्हणजे सुमारे ४० एमबी, तेही बहुतेक रिकामेच. त्यापेक्षा लूपसाठी एकच मोठा डायरेक्ट बफर ठेवा, त्यात वाचा, आणि काही उरलं तरच तेवढे बाइट्स कनेक्शनच्या स्वतःच्या छोट्या बफरात काढून ठेवा.

चौथी पायरी: लिहिणं

माझ्या मते या सगळ्या कामात जास्तीत जास्त काळजी इथं लागते.

नॉन-ब्लॉकिंग राइट आपण दिलेले सगळे बाइट्स लिहीलच असं नाही. कर्नलच्या बफरात जागा असेल तेवढेच जातात, कधी शून्यही. मग उरलेले बाइट्स सांभाळून ठेवायचे आणि जागा झाली की कळवायला सिलेक्टरला सांगायचं:

    लिही(कनेक्शन):
        चालू संदेश चॅनेलवर लिहून बघा
        बाइट्स उरले:
            ओपी_राइटची आवड लावा आणि परत जा
        सगळं गेलं:
            पुढचा संदेश असेल तर तो चालू करा आणि पुन्हा लिहा
            नसेल तर ओपी_राइटची आवड काढा

शेवटची ओळ कळीची आहे. निरोगी कनेक्शनवर लिहायला जागा जवळजवळ नेहमीच असते. ओपी_राइट कायम लावून ठेवलं, तर सिलेक्टर कधी थांबतच नाही: प्रत्येक वेळी "जागा आहे" म्हणून लगेच परततो. टॉप कमांडमध्ये एक कोअर १०० टक्के, विनंत्या मात्र शून्य. जेडीकेतल्या जेस्टॅक कमांडनं थ्रेड बघितले तर लूपचा थ्रेड दरवेळी सिलेक्टच्या आसपास रनेबल दिसतो. सेकंदाला सिलेक्ट किती वेळा परतला याचा एक साधा काउंटर पहिल्या दिवसापासून ठेवा. शांत वेळी तो एक-दोनच्या आसपास असायला हवा.

आता आपला विषय फेरीबोटीचा असल्यामुळे एक वेगळा निर्णय घेता येतो. एखादा मोबाइल मंद आहे आणि त्याच्यासाठीचे संदेश साचत आहेत. चॅटमध्ये प्रत्येक संदेश पोचलाच पाहिजे. इथं पाच मिनिटांपूर्वी बोट चोडणला होती हे आता कुणाच्याच उपयोगाचं नाही. म्हणून कनेक्शनमध्ये रांग ठेवूच नका, दोनच जागा ठेवा: चालू संदेश आणि पुढचा संदेश. नवी बातमी आली की ती पुढच्या जागेतल्या जुन्या बातमीवर लिहायची. चालू संदेशाला मात्र हात लावायचा नाही. त्याचे काही बाइट्स आधीच गेलेले असतात, आणि तो अर्धवट सोडला तर समोरचा ब्राउझर पुढचं सगळं चुकीचं वाचतो. या रचनेत एका मंद मोबाइलमुळे मेमरी वाढत जाणं शक्यच नाही. सरसकट रांगा लावण्याआधी आपल्या माहितीचा स्वभाव असा तपासून बघा, अर्धी गुंतागुंत तिथंच सुटते.

तोच संदेश ५००० जणांना पाठवताना तो ५००० वेळा बाइट्समध्ये बदलू नका. एकदाच बदला आणि प्रत्येक कनेक्शनला त्या बफरचं डुप्लिकेट द्या. बाइट्स सगळ्यांचे एकच, पोझिशन ज्याची त्याची.

मराठी मजकूर पाठवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारासकट, ३ बाइट्स घेतं. "बोट रायबंदरला" या मजकुराची जावातली लांबी १३ येते, बाइट्स मात्र ३७ होतात. साध्या उत्तराच्या कंटेंट-लेंग्थमध्ये १३ लिहिलं, तर मोबाइलवर "बोट र" एवढंच दिसेल, आणि उरलेले २४ बाइट्स पुढच्या उत्तराच्या तोंडी कचरा म्हणून जातील. लांबी नेहमी बाइट्समध्ये रूपांतर केल्यानंतर मोजा. वाचतानाही तेच: पूर्ण मजकूर हाती येईपर्यंत स्ट्रिंग करू नका, कारण तुकडा एखाद्या अक्षराच्या मधोमधही तुटू शकतो.

पाचवी पायरी: लूप अडवायचा नाही

या सर्व्हरचा मोठा नियम एकच: लूपच्या थ्रेडनं कशाचीच वाट बघायची नाही. डेटाबेसची एक क्वेरी ५० मिलिसेकंद घेते आणि ती लूपमध्येच चालवली, तर सर्व्हर सेकंदाला २० विनंत्यांच्या वर जाणार नाही, आणि त्या प्रत्येक ५० मिलिसेकंदांत बाकीचे सगळे प्रवासी खोळंबतील. क्वेरी सगळ्यांना आठवते. पण डोमेन नावाचा शोध, मंद डिस्कवर लिहिलं जाणारं लॉग, दुसऱ्या थ्रेडनं धरून ठेवलेलं लॉक, हीसुद्धा वाट बघणंच आहे, आणि हीच नजरेतून सुटतात.

असलं काम वर्कर थ्रेडच्या पूलला द्या. पूलची रांग मर्यादित ठेवा. ती भरली की ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) उत्तर द्या. अमर्याद रांग म्हणजे प्रश्न पुढं ढकलणं, शेवटी मेमरी संपतेच. काम वर्करकडे असताना त्या कनेक्शनची ओपी_रीड आवड काढून ठेवा. त्यामुळे उत्तरांचा क्रम चुकत नाही, आणि समोरचा भराभर विनंत्या ओतत असेल तर टीसीपीच त्याला आपोआप थोपवतो.

वर्करचं काम झालं की त्यानं चॅनेलला स्वतः हात लावायचा नाही. निकाल कॉन्करंटलिंक्डक्यूमध्ये टाकायचा आणि सिलेक्टरचं वेकअप बोलवायचं. लूप लगेच जागा होतो आणि रांग उरकतो. बोटीची नवी जागा घेऊन येणारा थ्रेडही याच वाटेनं येईल. कनेक्शन ऑब्जेक्टला फक्त लूपचाच थ्रेड शिवतो ही शिस्त पाळली, तर या सगळ्या कोडमध्ये एकही लॉक लागत नाही.

सहावी पायरी: मेलेली कनेक्शनं

बोट नदीच्या मधोमध आहे. एका प्रवाशाचा मोबाइल एका टॉवरवरून दुसऱ्यावर गेला किंवा बंद झाला. निरोप घेतल्याचं पॅकेट कधी आलंच नाही. सर्व्हरच्या लेखी ते कनेक्शन ठणठणीत आहे, सिलेक्टर त्याबद्दल कधीच काही सांगणार नाही.

ठराविक वेळानं हार्टबीट (कनेक्शन जिवंत आहे का पाहणारी छोटी खूण) पाठवायचा, हा पहिला उपाय सुचतो. एकाच उघड्या कनेक्शनवरून ब्राउझरला बातम्या पाठवत राहायची जी पद्धत आपलं पान वापरतं, त्या सर्व्हर-सेंट इव्हेंट्समध्ये अपूर्णविरामानं सुरू होणारी ओळ ब्राउझर दुर्लक्षित करतो, तीच हार्टबीट म्हणून वापरतात. ती जरूर पाठवा, पण तिच्यावर विसंबू नका. हार्टबीटचे काही बाइट्स कर्नलच्या बफरात सहज मावतात, म्हणून समोर कुणी नसलं तरी राइट यशस्वीच होतं. कर्नल ते पुन्हा पुन्हा पाठवून बघतो, आणि लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगला हार मानायला साधारण १५ मिनिटं लागतात.

मला यावर साधा उपाय जास्त पटतो: प्रत्येक प्रवाहाला ठराविक आयुष्य द्या, समजा १० मिनिटं, आणि ते संपलं की सर्व्हरनंच कनेक्शन बंद करा. जिवंत ब्राउझर स्वतःहून पुन्हा जोडतो, शेवटच्या घटनेचा क्रमांकही सोबत पाठवतो. मेलेला अर्थातच परत येत नाही, आणि त्याची जागा मोकळी होते.

शीर्ष पूर्ण करायला वेगळी, कडक मुदत ठेवा, १० सेकंद पुरे. मुद्दाम एकेक बाइट पाठवून कनेक्शनं अडवून ठेवणाऱ्या हल्ल्याला ही मुदतच थोपवते. मुदती तपासायला सुरुवातीला सेकंदातून एकदा सगळ्या कनेक्शनांवरून फिरलं तरी चालतं, ५००० तपासण्या म्हणजे काहीच नाही. मात्र "सिलेक्ट रिकाम्या हातानं परतला की झाडू" असं लिहू नका. गर्दीच्या वेळी तो रिकाम्या हातानं परतणारच नाही, आणि झाडणंही होणार नाही. घड्याळ बघूनच झाडा.

बंद करण्याची मेथड दोनदा बोलावली तरी बिघडू नये अशी लिहा, आणि बातमीची वाट बघणाऱ्यांच्या यादीतून कनेक्शन काढायचं काम तिच्यातच ठेवा.

एकाहून जास्त कोअर, टीएलएस आणि पुढचं दार

आपल्या पानाला एक लूप पुरतो. वाढवायचं झालं, तर स्वीकारणारा एक लूप आणि वाचणारे-लिहिणारे कोअरइतके लूप, प्रत्येकाचा सिलेक्टर वेगळा. नवीन चॅनेल दुसऱ्या लूपकडे देताना तेच रांग आणि वेकअपचं तंत्र वापरा. जुन्या जेडीकेत सिलेक्ट चालू असताना बाहेरून नोंदणी करायला गेलेला थ्रेड अडकून पडत असे.

टीएलएस, म्हणजे एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन, हातानं करू नका. जावातलं एसएसएलइंजिन नॉन-ब्लॉकिंग चॅनेलसोबत चालतं, पण त्यात हँडशेकच्या अवस्था, अर्धवट रेकॉर्ड आणि जड गणितं वेगळ्या थ्रेडवर ढकलणं हे सगळं आपल्यावर येतं. पुढं एनजिनएक्स हा वेब सर्व्हर ठेवा आणि टीएलएस त्याच्याकडे सोपवा. तिथं दोन गोष्टी बदलाव्या लागतात. एक, या पत्त्यासाठी त्याचं प्रॉक्सी बफरिंग बंद करा, नाहीतर बोटीची बातमी त्याच्याकडेच साचून राहते. दोन, मागच्या सर्व्हरकडून ६० सेकंद काहीच आलं नाही तर तो कनेक्शन तोडतो, म्हणून आपला हार्टबीट २० सेकंदांनी पाठवा.

हे सगळं मोठ्या सेवेसाठी लागणार असेल, तर नेटी घ्या. तिथंही हेच लूप, हाच नियम. शिवाय बऱ्याच वर्षांचे ठेचाळलेले अनुभव त्यात मुरलेले आहेत. उदाहरणार्थ, काही कारण नसताना सिलेक्ट लगेच लगेच परतत राहण्याची जुनी अडचण. तसं सलग ५१२ वेळा झालं की नेटी नवा सिलेक्टर बनवून सगळी कनेक्शनं त्यावर हलवतं. टॉमकॅट किंवा जेटी सोडायचं नसेल, तर सर्व्हलेट ३.० मधला असिंक आणि ३.१ मधले रीडलिसनर-राइटलिसनर वापरून सर्व्हलेटमध्येही हे साधता येतं.

चाचणी आणि रीस्टार्ट

वेगाची चाचणी इथं दुय्यम आहे. आधी नेटकॅट उघडून विनंती हातानं टाइप करा, एक ओळ, थोडं थांबून दुसरी ओळ, आणि त्याच वेळी दुसऱ्या खिडकीतून पान लगेच उघडतं का बघा. मग टीसी कमांडच्या नेटएमनं ३०० मिलिसेकंद उशीर आणि ५ टक्के पॅकेट-गळती लावा. शेवटी गप्प कनेक्शनं उघडत जा. एका क्लायंट मशीनच्या एका आयपीवरून सर्व्हरच्या एकाच पोर्टकडे लिनक्सच्या नेहमीच्या सेटिंगला सुमारे २८,००० कनेक्शनंच उघडता येतात, तेव्हा तिथं अडलात तर दोष सर्व्हरचा समजू नका. आणि हे सगळं झालं की जुलैतल्या पावसात चोडणच्या बोटीत बसून पान प्रत्यक्ष वापरून बघा. त्या नेटवर्कची हुबेहूब नक्कल ऑफिसात करता येत नाही.

रीस्टार्टचा विचार चाचणीतच करा. सर्व्हर बंद झाला की सगळे ५००० ब्राउझर जवळजवळ एकाच वेळी पुन्हा जोडायला येतात. प्रवाह सुरू करतानाच प्रत्येकाला रिट्रायची वेगळी वेळ द्या, २००० ते १०,००० मिलिसेकंदांमधली कुठलीही, म्हणजे परत येणारे विखुरतील. बंद करताना आधी ऐकणारं चॅनेल बंद करा, मग प्रत्येक कनेक्शनचा चालू संदेश पुरा होऊ द्या, त्यासाठी ५ सेकंदांची मुदत ठेवा, आणि उरलेली कनेक्शनं तशीच तोडून सिलेक्टर बंद करा.